वाढतं तेल

३ जुलै २०२५, गुरुवार

गाडी दारात आली. जुनी घेतलेली आहे, पण माझ्यासाठी कोरी करकरीत. संदेश तिला 'तुझी गाडी' म्हणतो. नवरा 'आपली' म्हणायला लागेल तेव्हा गाडी घरात आली असं मी धरणार आहे.

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागातली नोकरी सोडली. ज्यांना पक्षाघातानं बारामतीपर्यंत येताच येत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम द्यायचे, असं ठरवलंय. काटेवाडी, लासुर्णे, वालचंदनगर, सगळीकडे. हॉस्पिटलच्या सरांनी माझी जागा दिवाळीपर्यंत रिकामी ठेवलीय. संदेश म्हणाला, "दिवाळीपर्यंत गाडी आणि तू दोघी टिकलात तर पुढे बोलू." हा माणूस कारखान्यात सेफ्टी बघतो, त्यामुळे त्याला सगळीकडे अपघातच दिसतो.

आता गाडीबद्दल. इंजिन नऊशे नव्व्याण्णव सीसी. सिलिंडर तीन. पेट्रोल, आणि वर टर्बो. एवढ्याशा इंजिनात एकशे वीस घोड्यांचा जोर. मी बॉनेट उघडून बघत बसले होते. टर्बो म्हणजे बिडाचा एक गोगलगाईसारखा शंख, नारळाएवढा. आत एका दांडीवर दोन टोकांना दोन छोटे पंखे. इंजिनानं टाकलेला गरम धूर एका पंख्याला फिरवतो, तो दुसऱ्याला फिरवतो, आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे! मी दिवसभर माणसांचे श्वास मोजणारी बाई. हे वाचून माझाच थांबला.

५ जुलै, शनिवार

गाडी घेऊन निरवांगीला गेले. माहेर. आईनं चाकांवर पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीभोवती एक चक्कर मारून आले. पूर्वी मेंढरांचा वाडा होता आमचा. मेंढरं विकून आता डाळिंब आणि भाजीपाला करतात, पण कुठलीही नवी वस्तू बघताना त्यांचा हात अजून तिच्या पोटाखाली जातो.

"किती शिलिंडर हायती?"

"तीन."

"चार असत्यात की."

"हिला तीनच असतात, दादा."

"मंजी एक कमी," ते म्हणाले. "तीन पायाचं मेंढरू घेतलंस व्हय गं बाजारातनं?"

शेजारची दोन माणसं हसली. मी असली चिडले! सगळ्यांसमोर त्यांना बॉनेटपाशी नेलं आणि टर्बो समजावून सांगितला. ते मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "मंजी टाकलेला दम परत कामाला लावायचा."

मी इतकी वर्षं शिकले, पण हे असं मला सांगता आलं नसतं.

"आन् ती दांडी फिरती कशावर?"

"तेलावर. दांडी कशाला टेकतच नाही. केसापेक्षा पातळ तेलाचा थर असतो, त्याच्यावर तरंगते. तेल संपलं की खल्लास."

"खल्लास मंजी?"

"मंजी गाडी मेली. रस्त्यात."

दादा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना गाडी आवडलेली नाही.

८ जुलै

वालचंदनगरचे पेशंट दादासाहेब, आज त्यांचा पहिला दिवस. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतात. आयुष्यभर घराएवढी गिअरचाकं कापली. आता उजवा हात आणि पाय ऐकत नाही, शब्द अडखळतात. मी पोचल्यावर इंजिन थोडा वेळ चालू ठेवून गाडीतच बसते. टर्बो तापलेला असताना एकदम बंद केलं तर आतलं तेल तिथल्या तिथं करपतं. दादासाहेब खिडकीतून बघत होते. आत गेले तर डाव्या हातानं खूण करून विचारलं, गाडीत का बसलीस? मी सांगितलं. त्यांचे डोळे असे मोठे झाले. दोन लाख फेरे हा आकडा त्यांनी माझ्याकडून परत वदवून घेतला. घराएवढं चाक करणारा माणूस रुपयाएवढ्या पंख्याला हात जोडत होता.

१९ जुलै

निरवांगीहून निघाले, गाव मागे पडलं आणि समोर दिवा लागला: बॉनेट उघडं. उतरून बघितलं तर नुसतं टेकलेलं, बसलेलं नव्हतं. गेल्या शनिवारीही असंच झालं. नेटवर शोधलं, ह्या मॉडेलचा लॅच ढिला होतो म्हणे. सोपानला दाखवायला हवं. सोपान म्हणजे आमचा बारामतीतला मेकॅनिक.

२९ जुलै, पंचमी

झोके, उकडीची दिंडं, आणि उरलेला वेळ आईशी भांडण. निघताना आईनं ओटी भरली. आईला ओटी भरायला सण लागत नाही, दर शनिवारी भरते. तांदूळ, नारळ, वर गवार आणि वांगी. "लेक रिकामी जात न्हाय आमच्यातनं," हे ठरलेलं वाक्य.

दादा आजही नव्हते. मी आले की असतात, जेवायला असतात, निघायच्या वेळेला नेमके गायब. मी पदरात तांदूळ घेऊन उभी आणि बाप अंगणात नाही. आज मुद्दाम थांबले. तर घराच्या कडेनं हात पुसत आले, मनगटापर्यंत तेल. म्हणाले, ट्रॅक्टरचं काम होतं. सणाच्या दिवशी, मी निघताना, ह्यांना ट्रॅक्टर सुचतो. मी तशीच गाडीत बसले. रस्त्यात परत तो बॉनेटचा दिवा! उतरून असं दणकन आपटलं की एक बगळा उडाला.

इतकं लागलं मला. तीन पायाचं मेंढरू घेतलं म्हणून अजून राग धरलाय का?

४ ऑगस्ट, सोमवार

एक चमत्कार. काल सपाट जागेवर गाडी लावून तेल मोजायची काडी काढली. गाड्यांचं तेल कमी होतं, टर्बोवाल्यांचं तर होतंच. माझ्या गाडीचं वाढलंय! वरच्या खुणेच्याही वर. मी दोनदा पुसून बघितलं.

सोपाननं मान डोलावली. "डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाड्यांचं आसंच असतं, ताई. इंजिन गार असताना पेट्रोल शिलिंडरच्या भिंतीवरनं खाली उतरतं आन् तेलात मिसळतं. लेव्हल वाढती." जादा तेल काढलं. "छोट्या फेऱ्या कमी करा. आठवड्यातनं एकदा तरी लांब काढा, तेल चांगलं तापू द्या. मिसळलेलं पेट्रोल उडून जाईल."

"लांब म्हणजे कुठं?"

"माहेर हाय का न्हाय तुमाला?"

मग ठरलं. आता निरवांगीला आठवड्यातून दोनदा.

१६ ऑगस्ट

जंक्शन गावाच्या पुढे रस्ता मोकळा होता. दुसऱ्या गिअरमध्ये थोडं दाबलं. आधी काहीच होत नाही, क्षणभर गाडी विचार करते, आणि मग पाठीत कुणीतरी हात घालून पुढे ढकलतं. बारीक शीळ ऐकू येते. दोन्ही बाजूंना ऊस, आणि माझ्या पायाखाली तो लालबुंद तापलेला पंखा तेलावर तरंगतोय. मी मोठ्यानं "बाई गं!" म्हणाले. एकटीच होते. आईनं लहानपणी बिरोबाच्या देवळात नेलं होतं, तिथं ढोल सुरू झाल्यावर छातीत असंच झालं होतं.

३१ ऑगस्ट

तेल परत वाढलंय. लांब फेऱ्या करूनही. उलट जास्तच.

आणि त्याहून वाईट. तेल भरायचं झाकण फिरवून काढलं तर आट्यांत पिवळं काहीतरी. नेटवर फोटो बघितले. झाकणाखाली पिवळं साचणं म्हणजे तेलात पाणी जाणं. पाणी जाणं म्हणजे मधलं हेड गॅस्केट फाटणं. हेड गॅस्केट म्हणजे इंजिन खोलणं. मी रुमालानं पुसून टाकलं. संदेशला सांगितलं नाही. तो लगेच हॉस्पिटलच्या सरांचा विषय काढेल.

रुमालाचा डाग काही केल्या जात नाही.

आता यादी अशी: तेलात पेट्रोल, तेलात पाणी, आणि लॅच ढिला. एका गाडीत जेवढे दोष असू शकतात तेवढे माझ्या गाडीत आहेत, असं दिसतंय.

९ सप्टेंबर

सकाळी चालू केली तर मागून निळसर धूर, करपल्याचा वास. सोपान म्हणाला, तेल जास्त झालं की आतला दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस हवेच्या नळीतून इंजिनाच्या श्वासात जातो. अन्न श्वासनलिकेत गेलेले पेशंट मी बघितलेत. मला ती गाडी खोकताना दिसली. सोपाननं परत तेल काढून लेव्हल केली. रेडिएटरच्या पाण्याचंही बघितलं. पाणी एक थेंब कमी झालेलं नाही. "मग पिवळं कुठनं आलं?" तो म्हणाला. मला कसं माहीत?

दादासाहेब आज काठी धरून पायरीपर्यंत आले. गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "दम... आहे." दोन शब्द सलग! त्यांची बायको पदर तोंडाला लावून आत गेली. ही गाडी बंद पडली तर ह्या पायऱ्यांवर येणार कोण? बस जंक्शनला सोडते, तिथून पुढे कुणाच्या तरी मागे बसून यायचं. मग दिवसात एकच घर होईल. मग हॉस्पिटलच बरं.

२० सप्टेंबर, शनिवार

आज ते झालं.

निरवांगीहून निघाले. लासुर्ण्याच्या अलीकडे एका वैरणीच्या ट्रॉलीमागे गाडी हळू केली आणि लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या बुधलीचं चित्र. गेला. परत लागला आणि राहिला. मी तिथल्या तिथं इंजिन बंद केलं, गाडी कडेला गडगडत नेली. काडी काढली. तेल वरच्या खुणेच्या वर! आणि दिवा सांगतोय, तेल पोचत नाही. पोट भरलंय आणि रक्त फिरत नाही. मला काही कळेना. बांधावर बसून राहिले. सोपाननं गाडी ओढून न्यायला माणूस पाठवला. ओढून नेताना तिचं तोंड वर झालं होतं आणि बॉनेटच्या फटीतून वारा शिरत होता. आजही ते नीट बसलेलं नव्हतं.

संदेश काहीच बोलला नाही. चहा करून दिला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सोपाननं खालचं तेलाचं भांडं उतरवलं. तेल शोषून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते, ती काळ्या चुऱ्यानं गच्च. रबराचा चुरा.

"बेल्ट," तो म्हणाला. ह्या इंजिनाचा बेल्ट बाहेर नसतो, आत तेलातच फिरतो. "ह्या बेल्टाला ठरलेलं पातळ तेलच चालतं. दुसरं लागलं की रबर सुजतं, मऊ पडतं, चुरा व्हतो. चुऱ्यानं जाळी बुजती आन् तेल वर चढत न्हाय. अजून थोडी पळवली असती तर जाम झालं असतं, ताई. टर्बोसकट."

"पण तेल तूच घातलंस ना?"

"मी घातलेलं हे न्हाय. माझंच चुकलं, पेट्रोल म्हणालो. पेट्रोल मिसळलं असतं तर तेल पातळ पडलं असतं." त्यानं बोट बुडवून वर धरलं. "हे बघा, काकवीवानी. हे ट्रॅक्टरचं तेल हाय."

माझा आवाज चढला. "माझ्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल कोण घालेल?"

त्याच्या दुसऱ्या हातात तेलाचं झाकण होतं. आट्यांत परत ते पिवळं. त्यानं नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, वास घेतला. मग चिमूट कपाळाला लावली.

"भंडारा हाय," तो म्हणाला.

मी तिथल्या टायरवर बसले.

ट्रॅक्टरचं काम. मनगटापर्यंत तेल. निघताना अंगणात नसलेला बाप. नीट न बसलेलं बॉनेट, दर वेळी, फक्त निरवांगीहून येताना. आणि मी लॅचला शिव्या देत होते.

आधी राग आला, खरा सणसणीत. इंजिन गेलं असतं! मी फोन लावला. आईनं घेतला.

"दादा कुठंयत?"

"वैरणीला गेल्यात. का गं? गाडी बरी हाय न्हवं? सकाळपास्नं तेच इचारत्यात."

"आई, ते गाडीला काही करतात का?"

"काय करत्यात? मला तर काय दिसलं न्हाय. त्ये माळ्यावरनं जुनी नळी काढलीया तेवढी. बांबूची. मेंढरास्नी तेल पाजायची. कशाला म्हणलं, तर म्हणं आसंच."

 मग आईच बोलत राहिली. "लंगडं मेंढरू आसलं कळपात तर ह्यो मानूस आधी त्याला पाजायचा. समदी झोपल्यावर. बाकीच्या मेंढपाळांनी बघितलं तर हसत्याल म्हणून."

फोन ठेवला तेव्हा राग कुठे गेला ते कळलं नाही. तीन सिलिंडर. एक कमी. 'तेल संपलं की खल्लास.' हे कोण म्हणालं होतं? मीच. त्यांनी माझा एकेक शब्द खरा मानला होता. ओटी बायका भरतात, बापाला लेकीची ओटी भरता येत नाही. म्हणून ते घराच्या कडेनं जाऊन गाडीला पाजत होते. वर भंडारा लावत होते. दोन लाख फेऱ्यांचं आश्चर्य वाटलं होतं मला. आज त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी बघितलं आणि माझी छाती भरून आली, एवढंच लिहिता येतं.

२३ सप्टेंबर

सोपान नवा बेल्ट घालतोय. आतल्या नळ्या धुतल्या. टर्बोची दांडी हातानं हलवून बघितली, ठीक आहे. वेळेवर थांबले म्हणून वाचली.

संदेशला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "सांगायला तर पाहिजे. पुढच्या वेळी वाचायची नाही."

"सांगितलं तर ते परत हात लावणार नाहीत गाडीला."

"मग हात लावू नका असं सांगू नकोस." उठता उठता म्हणाला, "आपल्या गाडीला कुठलं तेल लागतं त्याचा नंबर दे. येताना एक डबा आणतो."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सरांना फोन करून सांगितलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. परवा दादासाहेब दोन पायऱ्या उतरले, तेव्हाच ठरलं होतं.

मग निरवांगी. अंगणात ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कोयते, सगळं धुऊन हळदकुंकू लावून ठेवलेलं. त्यात बांबूची नळीही होती, तेल पिऊन काळी झालेली.

जेवणं झाली. मी दादांना बॉनेटपाशी बोलावलं. काडी काढून दोन खुणा दाखवल्या.

"तेल ह्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे, दादा. वर गेलं की हिचा दम गुदमरतो."

ते काडीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "किती दिस गुदमरली?"

"आता बरी आहे."

"तेल संपलं की खल्लास म्हणालीस तू."

"मीच म्हणाले होते. अर्धंच सांगितलं होतं." मी डबा त्यांच्या हातात दिला. "हिला हेच तेल लागतं. दुसरं बाधतं. तुम्ही दर शनिवारी काडी बघायची आणि कमी असेल तर घालायचं. मला तेवढं बघायला होत नाही."

त्यांनी लगेच काडी पुसली, घातली, काढली. डोळ्याजवळ धरून बघितली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं. त्यांचा चेहरा पडला.

"मंजी आज काय घालायचं न्हाय?"

"नाही."

"रिकामी जाऊ द्यायाची?"

आई ओटीचं ताट घेऊन मागे उभी होती. तिला आत्ता सगळं कळत होतं.

मी डब्याचं झाकण काढून त्यात थोडं तेल ओतलं, घोटभरही नसेल. "एवढं चालतं," म्हणाले. खरंतर त्यानं काही होत नाही.

त्यांनी नळी लावली. एका हातानं नळीचं टोक धरलं, दुसऱ्या हातानं तेल असं सावकाश सोडलं की धार कुठे तुटली नाही. इंजिनाचं झाकण लावलं, वर भंडारा लावला. मग बॉनेट हळूच खाली आणून, आवाज न करता, नुसतं टेकवलं.

"असं नाही दादा, बसत नाही ते. वीतभर वरून सोडायचं. दणका द्यायचा."

"वाजंल की," ते म्हणाले, आणि रस्त्याकडे बघितलं. शेजारची तीच दोन माणसं पारावर बसली होती.

"वाजू दे."

त्यांनी बॉनेट उचललं आणि सोडलं. अंगणभर आवाज झाला. पारावरच्यांनी माना वळवल्या. दादांनी हात पुसले नाहीत. तसेच तेलाचे हात घेऊन रस्त्यापर्यंत गाडीबरोबर चालत आले.

लासुर्ण्यापर्यंत माझं लक्ष समोरच्या बॉनेटच्या दिव्याकडे होतं. आज लागला नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.